टेक्सासमधली डायव्हर्सिटी ऑफिसं बंद कुणी केली, आणि विरोधकांना ते अडवता का आलं नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात एमएस करते. नव्या मुलांना रुळायला मदत करणारं तिच्या कॅम्पसवरचं बहुसांस्कृतिक केंद्र बंद झालंय. पुण्यात तुम्ही बातम्यांत ऐकलंत की ट्रम्पनी डीईआय (डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन, म्हणजे विविधता, समता आणि समावेशाचे कार्यक्रम) बंद केलं. त्यावर तुमचे प्रश्न असे: हे एका सहीने झालं का? डेमोक्रॅट्सनी अडवलं का नाही? तो फिलिबस्टर नावाचा, बोलत राहून विधेयक अडवण्याचा प्रकार कुठे गेला होता? आणि सरकार बदललं की ती ऑफिसं पुन्हा उघडतील का?

मी बावीस वर्षं ऑस्टिनमध्ये टेक्सासच्या विधिमंडळाभोवती काम करतेय. सुरुवातीला एका समितीची क्लार्क होते, पुढे एका सरकारी विद्यापीठासाठी विधेयकांवर नजर ठेवायचं काम आलं. माहेर नागपूरचं. हिवाळी अधिवेशन, वेलमध्ये उतरणं, सभात्याग, राजदंडाला हात घालणं हे लहानपणापासून कानावर पडलेलं. त्यामुळे इथलं समजायला मला उलट जास्त वेळ लागला. आपल्याकडे कामकाज आरडाओरडा करून बंद पाडतात. इथे ते बोलत राहून बंद पाडतात, नाहीतर गायब होऊन.

पहिला घोळ तारखांचा आहे. तुमच्या मुलीच्या कॅम्पसवरचं केंद्र ट्रम्पच्या सहीने बंद झालेलं नाही. टेक्सासच्या विधिमंडळाने २०२३ च्या उन्हाळ्यात सिनेट बिल १७ हा रीतसर कायदा केला, गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी जूनमध्ये सही केली आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये बायडन होते. ऑस्टिनच्या विद्यापीठाने त्याच महिन्यात बहुसांस्कृतिक केंद्राला टाळं लावलं आणि एप्रिलमध्ये सुमारे ६० कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. ट्रम्प यांचे आदेश आले २० आणि २१ जानेवारी २०२५ ला, म्हणजे वर्षभराने. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. त्यांची औषधंही वेगळी, म्हणून तारखांवर एवढा जोर देतेय.

दुसरा घोळ शब्दाचा. डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे आरक्षण येतं. दिवाळी पार्टीत हा वाद मी दरवर्षी ऐकते. इथे प्रवेशात वंशावर आधारित राखीव जागा १९७८ च्या बॅकी खटल्यापासून घटनाबाह्य आहेत. वंश हा 'अनेक घटकांपैकी एक' म्हणून पाहण्याची जी फट त्या निकालाने ठेवली होती, तीही सुप्रीम कोर्टाने २९ जून २०२३ ला हार्वर्डच्या खटल्यात बुजवली. डीईआय ऑफिसं करायची ती कामं बरीच साधी होती: कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढलेल्या घरांतल्या मुलांना मार्गदर्शक जोडून देणं, कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग, भरतीची जाहिरात चार जास्त ठिकाणी जाईल हे पाहणं. आणि प्राध्यापकपदासाठी अर्ज करणाऱ्याकडून 'विविधतेसाठी मी काय केलं' असं एक पान लिहून घेणं.

या शेवटच्या पानाबद्दल माझं स्पष्ट मत सांगते. ते मला कधीच पटलं नाही. गणिताच्या प्राध्यापकाकडून विशिष्ट शब्दांतला कबुलीजबाब लिहून घेतल्याने कुठल्या विद्यार्थ्याचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. एमआयटीसारख्या खासगी संस्थेने मे २०२४ मध्ये, कुठल्याही कायद्याची सक्ती नसताना, ते बंद केलं. रिपब्लिकनांनी नेमकं हेच पान हातात धरून पूर्ण ऑफिसांवर नांगर फिरवला. गव्हाबरोबर किडे रगडतात, इथे किड्यांबरोबर गहू रगडला गेला.

आता मुद्द्यावर येते. हे कार्यक्रम उभे कशावर होते? बहुतेक सगळे जीआरवर. आपल्या वर्तमानपत्रांत 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर'ला सर्रास अध्यादेश म्हणतात. ते चूक आहे. अध्यादेशाला पुढे विधिमंडळाची मान्यता लागते, नाहीतर तो आपोआप मरतो. राष्ट्राध्यक्षांचा आदेश हा आपल्या शासन निर्णयाचा भाऊ. एकाने काढायचा, दुसऱ्याने फिरवायचा. सभागृहाचा संबंध नाही.

आणि तो मार्ग हौसेने धरलेला नव्हता. १९४१ मध्ये कृष्णवर्णीय कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा काढण्याची धमकी दिली, तेव्हा रूझवेल्टनी युद्धसाहित्याच्या कारखान्यांत वर्णभेद करायचा नाही असा आदेश काढला आणि देखरेखीला समिती नेमली. त्या समितीला कायद्याचं कायमस्वरूपी रूप द्यावं असं विधेयक १९४६ मध्ये वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये आलं. दक्षिणेतल्या सिनेटरांनी ते बोलून बोलून मारलं. त्या वेळी चर्चा बंद करायला दोन तृतीयांश मतं लागत आणि दक्षिणेचा गट ती कधीच जमू देत नसे. सिनेटचं दार बंद म्हटल्यावर राष्ट्राध्यक्ष खिडकीतून जाऊ लागले. केनेडींनी १९६१ च्या आदेशात 'अफर्मेटिव्ह ॲक्शन' हे शब्द घातले. जॉन्सन यांनी सप्टेंबर १९६५ मध्ये आदेश क्रमांक ११२४६ काढून सरकारी कंत्राटदारांवर ती जबाबदारी टाकली. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत 'विविधता' नावाचा जो विभाग पुढे वाढला, त्याचं खूपसं मूळ या एका आदेशात आहे. निक्सन, रेगन, दोन्ही बुश यांच्या राजवटींत तो टिकला. जवळजवळ साठ वर्षं. २१ जानेवारी २०२५ ला ट्रम्पनी तो रद्द केला. चर्चा नाही, मतदान नाही, एक पेन.

याच्या शेजारी १९६४ चा नागरी हक्क कायदा ठेवून पाहा.

तो सिनेटमध्ये कामकाजाचे साठ दिवस अडवून धरला होता. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड शेवटच्या रात्री चौदा तास तेरा मिनिटं बोलले आणि १० जूनच्या सकाळी थांबले. मग चर्चा बंद करण्याच्या ठरावावर, ज्याला क्लोचर म्हणतात, हजेरीपटाप्रमाणे मतं घेतली गेली. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल मेंदूतल्या गाठीने आजारी होते. वाचा गेलेली. चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं त्यांना. नाव पुकारल्यावर त्यांना 'आय' म्हणजे 'होय' म्हणता येईना, म्हणून त्यांनी हात उचलून डोळ्याकडे बोट दाखवलं, कारण इंग्रजीत डोळ्याचा उच्चारही तोच. ७१ विरुद्ध २९. नागरी हक्कांच्या विधेयकावर सिनेटने चर्चा बंद पाडण्याची ती पहिलीच वेळ.

त्या ७१ मध्ये ४४ डेमोक्रॅट होते आणि २७ रिपब्लिकन. विरोधातल्या २९ मध्ये २३ डेमोक्रॅट. हे आकडे मुद्दाम देतेय. तेव्हाचा अडथळा प्रांताचा होता, पक्षाचा नव्हता. दोन्ही पक्षांत दोन्ही मतांचे लोक होते, म्हणून कुणाला तरी समजावून आपल्या बाजूला आणता येत असे. समजावण्याची किंमतही मोजावी लागली. सिनेटमधल्या तडजोडीत एक पोटकलम आलं: कर्मचाऱ्यांचं वांशिक प्रमाण कमी-जास्त आहे एवढ्यावरून मालकाने कुणाला झुकतं माप द्यावं अशी सक्ती या कायद्याने होत नाही. आज डीईआयचे विरोधक कोर्टात उभे राहतात ते याच कायद्याच्या आधाराने. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओहायोच्या एम्स खटल्यात एकमताने सांगितलं की भेदभावाची तक्रार बहुसंख्य गटातल्या माणसाने केली म्हणून त्याच्याकडून जास्त पुरावा मागता येणार नाही. निकाल लिहिला तो न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी.

म्हणजे अडवणुकीच्या गाळणीतून जे गेलं, त्याला साठ वर्षांनी दोन्ही बाजू आपलं म्हणतात. गाळणी चुकवून जे गेलं, ते पुसलं जाताना सभागृहात एक हातही वर झाला नाही. माझं उत्तर एवढंच आहे. खाली त्याचा तपशील देते, कारण तुम्ही फिलिबस्टरबद्दल विचारलंय आणि त्याबद्दल टीव्हीवर फार नाटकी गोष्टी दाखवतात.

वॉशिंग्टनमध्ये आज फिलिबस्टर करायला कुणी उभं राहत नाही. १९७५ मध्ये मर्यादा दोन तृतीयांशावरून तीन पंचमांशावर आली, म्हणजे १०० पैकी ६०. त्याच्या थोडं आधीपासून सिनेटने एक विधेयक अडलेलं असताना दुसरं काम पुढे नेण्याची पद्धत पाडली. झालं, अडवणाऱ्याचे पाय दुखेनासे झाले. पक्षाच्या कार्यालयात कळवलं की आमचा विरोध आहे, की समोरच्याने ६० मतं शोधायची. मार्च २०२५ च्या अखेरीस डेमोक्रॅट सिनेटर कोरी बुकर २५ तास ५ मिनिटं बोलले आणि स्ट्रॉम थर्मंड यांचा १९५७ चा नागरी हक्कविरोधी भाषणाचा विक्रम मोडला, त्याचं कौतुक झालं. पण त्या भाषणाने कुठलंही विधेयक अडलं नव्हतं. खरी अडवणूक मुकी असते.

२०२५ च्या सिनेटमध्ये रिपब्लिकन ५३ आहेत. डीईआयवर देशभर बंदी घालणारा कायदा करायचा तर सात डेमोक्रॅट हवेत. ते मिळणार नाहीत. उलट डेमोक्रॅट सत्तेवर होते तेव्हा त्यांना हे कार्यक्रम कायद्यात बसवायला रिपब्लिकन मिळाले नसते. अर्थसंकल्पाशी जोडलेली विधेयकं साध्या बहुमताने जातात खरी, पण त्यांत पैशाशी संबंध नसलेलं कलम घुसवलं तर ते काढून टाकावं लागतं. हा नियम बर्ड नियम म्हणून ओळखला जातो. हो, तेच ते चौदा तास बोललेले बर्ड. तर ट्रम्पनी आदेश का काढला याचं उत्तर रूझवेल्टनी का काढला यापेक्षा फारसं वेगळं नाही. सिनेटचं दार तसंच बंद आहे. खिडकीतून येणारा माणूस बदललाय.

आता टेक्सास. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या मुलीचा प्रश्न इथला आहे आणि ही जागा माझ्या पायाखालची आहे.

टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा भरतं. विषम साली, जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारपासून, फक्त १४० दिवस. तीन कोटी लोकांच्या राज्याचा कारभार १४० दिवसांत. त्यामुळे इथे विधेयक मारायला बहुमत लागत नाही, घड्याळ लागतं. शेवटच्या तीन आठवड्यांत प्रत्येक टप्प्याला मध्यरात्रीची मुदत असते. अल्पमतातला माणूस फक्त एवढंच पाहतो की आपल्याला नको असलेलं विधेयक बारा वाजेपर्यंत टेबलावर येता कामा नये.

त्याची हत्यारं तीन. पहिलं चर्चेचं गुऱ्हाळ, ज्याला इथे 'चबिंग' म्हणतात. कुणालाच हरकत नसलेल्या विधेयकावर दहा-दहा मिनिटं प्रेमाने बोलत राहायचं. २००९ मध्ये डेमोक्रॅट्सनी मतदार ओळखपत्राचं विधेयक असंच पाच दिवस रस चालू ठेवून मारलं. त्यात शेकडो निरपराध विधेयकंही मेली. मे २०१७ मध्ये कट्टर उजव्या रिपब्लिकनांनी स्वतःच्याच पक्षाच्या सभापतीवर राग काढत शंभरावर विधेयकं एका रात्रीत पाडली. मदर्स डेच्या आदल्या दिवसांत घडलं म्हणून त्याला नावही तसंच पडलं, मातृदिनाचं हत्याकांड.

दुसरं हत्यार हरकतीचा मुद्दा. आपल्याकडेही तो असतो, पण इथे त्याने जीव जातो. समितीच्या कागदांत चूक सापडली की विधेयक मागे जातं आणि मे महिन्यात मागे गेलेलं विधेयक सहसा परत येत नाही. हे मी स्वतः भोगलंय. मी समितीची क्लार्क असताना साक्षीदारांच्या यादीत एका बाईंचं नाव 'विरोधात'ऐवजी 'बाजूने' या रकान्यात टाकलं. रात्रीचे साडेबारा वाजले होते, जमिनीखालच्या त्या दालनात एसी मरणाचा गार होता, आणि समोर अजून चाळीस लोक आपल्या दोन मिनिटांची वाट बघत बसले होते. दोन आठवड्यांनी विरोधी आमदार सभागृहाच्या पुढच्या माइकपाशी गेला, हातात माझी यादी. सभापतीच्या आसनाभोवती वीसेक मिनिटं डोकी एकत्र आली. मग निर्णय: हरकत मान्य. विधेयक समितीकडे परत. मुदत तीन दिवसांवर होती. त्या विधेयकामागे दीड वर्ष राबलेल्या माणसाने मला शब्दानेही दुखावलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

तिसरं हत्यार पळून जाणं. आणि इथे आपल्या लोकांना नेहमी पडतो तो प्रश्न: विरोधक पळाले तर कामकाज बंद कसं पडतं, उलट सत्ताधाऱ्यांना रान मोकळं! याचं उत्तर गणपूर्तीत आहे. आपल्या घटनेत कोरम एक दशांश. महाराष्ट्राच्या २८८ च्या विधानसभेत २९ लोक बसले की काम सुरू. टेक्सासमध्ये दोन तृतीयांश. हाउसमध्ये, म्हणजे १५० जणांच्या खालच्या सभागृहात, १०० हजर हवेत. ५१ निघून गेले की दिवे विझवायचे. म्हणून मुंबईत सभात्याग हा निषेध असतो आणि ऑस्टिनमध्ये शस्त्र.

३० मे २०२१ ची रात्र. मतदानाच्या नियमांचं विधेयक मध्यरात्रीच्या आत संमत व्हायचं होतं. साडेदहाच्या सुमारास डेमोक्रॅट आमदारांच्या फोनवर निरोप आला: आपली किल्ली घ्या आणि गाजावाजा न करता बाहेर पडा. ही किल्ली म्हणजे बाकावरच्या मतदान यंत्राची. ती यंत्रात राहिली तर शेजारचा तुमचं बटण दाबू शकतो, आणि इथे ते अगदी सर्रास चालतं. एकेक बाक रिकामं होत गेलं. जुलैमध्ये तेच लोक विमानाने थेट वॉशिंग्टनला गेले आणि पाच आठवड्यांहून जास्त काळ तिथेच राहिले. शेवटी ऑगस्टमध्ये गणपूर्ती झाली, सप्टेंबरमध्ये कायदा झाला. पळून जाण्याचा इतिहास इथे जुना आहे. १९७९ मध्ये बारा सिनेटर ऑस्टिनमध्येच एका गॅरेजवरच्या खोलीत दडून बसले होते, आणि त्यांना शोधणाऱ्या राज्याच्या पोलिसांनी, रेंजर्सनी, एका सिनेटरच्या भावालाच उचलून राजधानीत आणलं होतं. हे फक्त डेमोक्रॅट करतात असंही नाही. ओरेगनमध्ये रिपब्लिकन हेच करत आलेत. तिथल्या मतदारांनी २०२२ मध्ये वैतागून दहा गैरहजेऱ्या झाल्या की पुढची निवडणूक बंद, असा नियमच केला.

मग २०२३ मध्ये, डीईआयच्या विधेयकावर, यातलं काय चाललं?

टेक्सासच्या सिनेटमध्ये काहीच चालणार नव्हतं, कारण तिथली धार आधीच बोथट केली होती. तिथे ३१ सदस्य. कित्येक वर्षं एक मजेशीर प्रथा होती. कामकाजाच्या यादीत सगळ्यात वर एक बुजगावणं विधेयक ठेवायचं, सहसा बागांच्या सुशोभीकरणासारखं काहीतरी निरुपद्रवी, आणि ते कधीच चर्चेला घ्यायचं नाही. नियमाप्रमाणे विधेयकं क्रमाने घ्यायची, त्यामुळे खालचं काहीही वर काढायचं तर नियम स्थगित करावा लागे आणि त्याला दोन तृतीयांश, म्हणजे २१ मतं. बुजगावणं शेताच्या मधोमध उभं, आणि त्याला वळसा घालायला विरोधकांची परवानगी. २०१५ मध्ये डॅन पॅट्रिक लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे या सिनेटचे अध्यक्ष, झाले आणि ही मर्यादा तीन पंचमांशावर आली: १९. २०२० च्या निवडणुकीत रिपब्लिकनांची एक जागा गेली, ते १८ उरले. जानेवारी २०२१ मध्ये मर्यादा पाच नवमांश झाली. नऊ भागांतले पाच! असा अपूर्णांक शाळेबाहेर कधी ऐकलाय? ३१ चे पाच नवमांश म्हणजे १८. दाराची उंची दर खेपेला आत शिरणाऱ्या माणसाच्या मापाने कापली गेली.

एप्रिल २०२३ मध्ये सिनेट बिल १७ तिथून १९ विरुद्ध १२ ने निघालं. पक्षाची रेघ जशीच्या तशी; तोवर रिपब्लिकन परत १९ झाले होते. उभं राहून फिलिबस्टर करण्याची सोय टेक्सासच्या सिनेटमध्ये अजून आहे, आणि ती वॉशिंग्टनपेक्षा कितीतरी कडक: बसायचं नाही, टेकायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, विषय सोडायचा नाही. डेमोक्रॅट सिनेटर वेंडी डेव्हिस २५ जून २०१३ ला गुलाबी बूट घालून गर्भपाताच्या विधेयकावर अकराएक तास उभ्या राहिल्या. सहकाऱ्याने त्यांना पाठीचा पट्टा बांधायला मदत केली, तोही नियमभंग धरला गेला. शेवटची मिनिटं तर गॅलरीतल्या लोकांनी ओरडून ओरडून खाल्ली. पण तो अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता, म्हणून ते जमलं. आणि पुढच्याच महिन्यात नवं अधिवेशन बोलावून विधेयक संमतही झालं. एप्रिलमध्ये उभं राहून काय करणार? घड्याळच बाजूने नाही.

हाउसमध्ये ८६ रिपब्लिकन, ६४ डेमोक्रॅट. पळायचं तर ६४ पैकी ५१ जणांनी एकत्र पळायला हवं. २०२१ चा पराभव ताजा होता. शिवाय २०२३ मध्ये हाउसने गैरहजेरीला दिवसाला ५०० डॉलर दंडाचा नियम केला. आणि खरं सांगायचं तर विद्यापीठातल्या ऑफिसांसाठी घरदार सोडून परराज्यात जाऊन बसावं एवढा तो प्रश्न मतदारसंघात पेटलेला नव्हता. त्याच अधिवेशनात विद्यापीठांवरची तीन विधेयकं एकत्र आली होती. वर्गात काय शिकवायचं यावर बंधन घालणारं १६ क्रमांकाचं हाउसमध्ये वेळेत पुढे सरकलंच नाही आणि मेलं. प्राध्यापकांची कायम नेमणूक संपवायला निघालेलं १८ क्रमांकाचं संमत झालं, पण इतकं पातळ होऊन की टेन्युअर राहिला. मधलं १७ तेवढं ऑफिसं बंद करण्याची बंदी शाबूत ठेवून संमत झालं. बाहेरून हा पराभव दिसतो. आतून पाहिलं तर विरोधकांनी तीनातलं एक देऊन दोन वाचवले, असं मी म्हणेन. माझ्या काही सहकाऱ्यांना हे अजिबात मान्य नाही, आणि ज्यांची नोकरी गेली त्यांच्यापुढे मी हे वाक्य मोठ्याने बोलणार नाही.

शिवाय १७ क्रमांकातही अपवाद शिरले. आमचा खरा वेळ त्यात गेला. वर्गातलं अध्यापन, संशोधन, विद्यार्थी संघटना, पाहुणे वक्ते, आकडेवारी गोळा करणं, प्रवेश आणि विद्यार्थी भरती, हे सगळं बंदीबाहेर आहे. संशोधन अनुदान किंवा मानांकनासाठी अर्ज करताना 'कुटुंबात प्रथमच कॉलेजात आलेले, कमी उत्पन्नाचे, सोयींपासून दूर राहिलेले विद्यार्थी' यांच्यासाठी केलेलं काम दाखवायची मुभा आहे. या एका वाक्याशिवाय केंद्राची किती अनुदानं अडली असती याचा हिशेब आम्ही तेव्हा कागदावर मांडत होतो. भाषणं टीव्हीवर दिसतात, ही वाक्यं दिसत नाहीत.

कायदा दातांचाही आहे. आपण नियम पाळतो असं नियामक मंडळाने दर आर्थिक वर्षी लिहून दिल्याशिवाय विद्यापीठाला राज्याचा पैसा खर्चता येत नाही, आणि राज्याचे लेखापरीक्षक येऊन तपासतात. त्यामुळे विद्यापीठं कायद्याने सांगितलं त्यापेक्षा दोन पावलं जास्तच मागे सरकली. हा भाग मला विधिमंडळाचा नाही, वकिलांच्या भीतीचा वाटतो. फळीवरचं नाव पुसून त्याच खोलीत तेच काम करता येईल असं काहींना वाटलं होतं. ते फार दिवस चाललं नाही.

थोडं विषयांतर. आपल्याकडची मंडळी म्हणतात, हा काळ्या-गोऱ्यांचा वाद, आपला काय संबंध? फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. ठराव आणला क्षमा सावंत यांनी, जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसंच विधेयक दोन्ही सभागृहांतून गेलं आणि ऑक्टोबरमध्ये डेमोक्रॅट गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. आधीच्या कायद्यांत हे येतंच, असं त्यांचं म्हणणं. त्या काळात इथल्या मराठी मंडळातले व्हॉट्सॲप ग्रुप कसे फुटले ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मी आणखी काय सांगू.

तर तुमचा शेवटचा प्रश्न. ट्रम्प यांचे आदेश पुढचा राष्ट्राध्यक्ष पहिल्याच दिवशी फिरवू शकतो, आणि त्याच्यानंतरचा परत. टेक्सासचा कायदा मात्र वॉशिंग्टनमध्ये कुणीही आलं तरी तसाच राहील. तो बदलायचा तर ऑस्टिनमध्येच, आणि पुढचं नियमित अधिवेशन १२ जानेवारी २०२७ ला सुरू होतंय. वारा सध्या उलटा आहे: २०२५ मध्ये हीच बंदी शाळांपर्यंत नेली गेली.

मुलीसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. विद्यार्थी संघटनांना बंदी लागू नाही, त्यामुळे तिची मराठी मुलांची संघटना असो की कुठलीही, ती चालू राहू शकते. विद्यापीठाच्या डीईआय ऑफिसचा पगारी माणूस ती आता चालवणार नाही, इतकंच. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं ऑफिस वेगळं आहे, ते बंद झालेलं नाही. पुढे पीएचडीसाठी ती ह्यूस्टनच्या राइससारख्या खासगी विद्यापीठात गेली तर हा राज्याचा कायदा तिथे लागूच नाही.

आणि समितीपुढे बोलायची तिला इच्छा असेल तर कुणीही बोलू शकतं, नागरिक असण्याची अट नाही. पण ती व्हिसावर आहे, हल्लीचे दिवस पाहता आधी एखाद्या इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्यावं. हाउसच्या समितीसाठी नाव कॅपिटलमधल्या यंत्रावर किंवा तिथल्या वायफायवरून नोंदवायचं असतं, घरून होत नाही. बाजूने, विरोधात की तटस्थ, हा रकाना नीट पाहून भरायला सांगा. सकाळी नोंदवलेल्या नावाचा पुकारा मध्यरात्रीनंतरही होऊ शकतो, म्हणून डबा आणि स्वेटर घेऊन जायला हवं. दोन-तीन मिनिटं मिळतात.